तुकडेबंदीतून सुटलेली मिळकत
सोलापुराकडील शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांत तुकडे पडू नयेत म्हणून मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. परंतु नव्या पेठेतून आणलेल्या लॅपटॉपच्या डिस्कला तो लागू नाही, ही केवढी दूरदृष्टी! शंभर एमबीचा ईएफआय, सोळा एमबीचा राखीव आणि सरतेशेवटी रिकव्हरी, असे पोटहिस्सेदार मालकाच्या नजरेआड सुखेनैव नांदतात. सी आणि डी हे सख्खे बंधू तर एकाच डिस्कवर राहून विभक्त म्हणवतात, आणि डिस्क निमाली की दोघांचे उत्तरकार्य एकाच खर्चात उरकते.

विंडोज मुळापासून नव्याने घालताना सर्व हिस्से डिलीट करून मिळकत बेवारस करावी आणि ‘नेक्स्ट’ दाबावे, एवढाच दस्तूर. लगोलग तेच अदृश्य हिस्सेदार, नोटीस वा पंचनाम्यावाचून, पुनश्च कायम होतात. भावकीचे दावे दिवाणी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या कुजविण्यापेक्षा महसूल खात्याने हीच पद्धत सातबाऱ्यास लावावी, अशी आमची नम्र शिफारस आहे. तत्पूर्वी बॅकअप मात्र अवश्य घ्यावा. आमच्या परिचयाच्या एका सावध गृहस्थांनी तो आठवणीने घेतला होता, डी ड्राइव्हवर.