आठशे मीटरची नजर

दुर्बीण हुबेहूब आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. भाच्याने खोके फोडले, ती एअरगनवर चढवली आणि विचारले, "मामा, खरी वाटते ना?" खरी मी जन्मात पाहिलेली नाही. त्यामुळे "अगदी!" म्हणायला मला काहीच अडचण आली नाही.

खरी म्हणजे ट्रिजिकॉन या अमेरिकी कंपनीची 'एकॉग'. मरीन सैनिकांच्या रायफलवर असते, किंमत लाखाच्या घरात. तिच्या नावाजलेल्या प्रकाराला बॅटरी लागत नाही. दिवसा पाठीवरचा ऑप्टिकल फायबर ऊन गोळा करून नेमाची खूण उजळतो आणि रात्री ते काम ट्रिटियम करतो. नकलेच्या पाठीवरही लालचुटूक दांडी आहे. ती काही गोळा करत नाही, नुसती असते; आपल्याकडे कित्येक समित्यांवर असे सदस्य असतात. उजेड पाडतो आत दडवलेला एलईडी आणि त्याचा बटणसेल आम्हाला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातून काढावा लागला. ताई अजून साखर अंदाजाने मोजते आहे.

मूळ कंपनी आपल्या दुर्बिणींच्या अनुक्रमांकात बायबलच्या वचनांचे क्रमांक गुपचूप कोरत असे. जानेवारी 2010 मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि ते खोडायची सोय कंपनीला करून द्यावी लागली. आमच्या दुर्बिणीवर वचन नाही. सोनेरी गोल स्टिकर आहे, 'क्यूसी पास'. श्रद्धा इथेही लागतेच.

पण नकलेची खरी निष्ठा दिसते ती भिंगातून पाहिल्यावर. नाटोच्या 5.56 मिमी गोळीची झेप लांबवर गेल्यावर किती खाली येते, त्या हिशेबाने मूळ दुर्बिणीत 800 मीटरपर्यंतच्या खुणा असतात. नक्कल करणाऱ्याने त्या इमानेइतबारे उतरवल्या आहेत. खाली बंदूक मात्र 4.5 मिमी छर्ऱ्याची, जोर 20 जूलच्या आत; म्हणजे कायद्याने परवानाही न लागणारी. डबा पाडायला हा जोर पुरतो. 800 मीटरवरच्या डब्याला छर्रा निघाल्याची खबरही लागायची नाही. आमच्या शेतापासून तेवढ्या अंतरावर तर ग्रामपंचायतीची कचेरी येते, आणि तिथे कशाचीच खबर लागत नाही. तेव्हा डबा 10 मीटरवर, मागे मातीचा ढीग.

स्प्रिंगच्या एअरगनची आणखी एक खोड आहे. बारूदवाली रायफल मागे धक्का देते. ही आधी मागे सरकते आणि आतला दट्ट्या आपटला की पुढे हिसका देते. महागड्या दुर्बिणीही या दुहेरी धक्क्याला वचकून असतात. आमची पहिल्याच सकाळी कलली. डोके जरा हलवले की नेमाची खूणही हलते, म्हणजे निशाणा निम्मा बंदुकीवर आणि निम्मा मानेवर. बाजूच्या चकत्या फिरवल्या की टक् टक् असा सुरेख आवाज येतो. फिरवणाऱ्याला समाधान मिळते, छर्ऱ्याला निरोप पोहोचत नाही. शिवाय डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, त्यामुळे पहिला नेम भाच्याच्या भुवईवर बसला.

फोटोत मात्र ती अचूक आहे. डीपी बदलल्यापासून त्याला मित्र 'कमांडो' म्हणतात. तिची किंमत तिथे पुरेपूर वसूल झाली, आणि ती घेतलीही त्यासाठीच होती. डबा निमित्ताला होता. तो अजून उभा आहे.

मी त्याला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे उदाहरण दिले. 1 ऑगस्ट 2024 रोजी त्याने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचे कांस्य जिंकले. तिथे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिमीचे असते. "त्याची दुर्बीण कुठली?" भाच्याने लगेच मोबाइल काढला. दुर्बीण नाहीच, त्या स्पर्धेत ती लावायला बंदी आहे. बारीक भोकाच्या चकतीतून बघतात, एवढेच मी सांगितले.

तसली चकती नकली कितीला मिळते, हे तो आता शोधतो आहे.