बागेतले प्रकाशयोजनाकार

पुण्यात आयुष्यभर पैसे साठवून बंगली बांधलेले आणि नुकतेच निवृत्त झालेले काही गृहस्थ असतात. बंगलीपुढे हातरुमालाएवढी बाग. तीत एक नारळ, एक कधीही न फळलेला आंबा, दोन जास्वंदी, एक रातराणी आणि तुळशीवृंदावन. या बागेकडे दिवसाउजेडी मालक ढुंकूनही बघत नाही. पाणी बायको घालते, पाला कामवाल्या मावशी झाडतात. पण एके दिवशी हे गृहस्थ कुणाच्या तरी लग्नाला लॉनवर जातात, तिथे झाडांच्या बुंध्याशी पुरलेले दिवे बघतात आणि जेवायचं विसरतात. तिथून पुढे घरच्यांचे ग्रह फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत हजर. चार दुकानं फिरून माल एकच दिवा आणतात, शब्द मात्र गाडीभर आणतात. मग दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते मोफत वाटले जातात. "आयपी पासष्ट म्हणजे काय, सांग बरं?" हा प्रश्न दूधवाल्याला असतो. तो बिचारा पिशवी हातात धरून उभा. "यातला सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही. पाच म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. थोडा वेळ पाण्यात बुडवायचा असेल तर सदुसष्ट हवा!" दूधवाला मान डोलावतो. पाण्याचा विषय निघाल्यामुळे तो जरा घाईतही असतो.

वायरमन येतो तेव्हा खरा खेळ सुरू होतो. दिवा झाडापासून दोन फुटांवर ठेवायचा की तीन, यावर सकाळ जाते. नारळाला पंधरा अंशांचा अरुंद झोत, आंब्याला साठ अंशांचा पसरट. हे गणित चुकीचं नाही, हे मान्य केलं पाहिजे. वायरमनला मात्र एकच अंश कळतो, तो म्हणजे डोक्यावरच्या उन्हाचा. "काका, जोडांना डब्या लागतील, पाण्यापासून बंद होणाऱ्या," तो सांगतो. काका डब्यांची किंमत विचारतात आणि म्हणतात, "चिकटपट्टी मार रे. दिवा पासष्टचा आहे ना!"

मग उद्घाटन. शेजारीपाजारी सातला बोलावलेले, कॉफी केलेली. बटण दाबताच बागेत दवाखाना उघडतो. कारण दुकानदाराने "जास्त उजेड पडतो" म्हणून साडेसहा हजार केल्विनचे पांढरेफटक दिवे गळ्यात मारलेले असतात आणि वॉटमागे जास्तीत जास्त उजेड पदरात पाडून घेणं हा काकांचा धर्म. त्या उजेडात झाडं दिसतातच, पण टाकीचा पाइप, मागे टेकवलेली शिडी आणि दोरीवरचे काकांचे लेंगेही दिसतात, आणि लेंगे झाडांपेक्षा ठळक. पाच मिनिटांत गावभरचे किडे जमतात, दहाव्या मिनिटाला पाली. पाहुणे कॉफीवर बशी झाकून दाद देतात. कुंपणाजवळचा शेवटचा दिवा मिणमिणतो. बारा व्होल्टची बारीक वायर लांबवर ओढली की टोकाला दाब कमी पडायचाच. काका सांगतात, "तिथे मुद्दाम गूढ ठेवलंय."

नारळाचा झोत झावळ्यांत न थांबता शेजारच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या छतावर पोचतो. आजी सोशिक. त्या एवढंच विचारतात, "आमच्याकडे अमावास्या असते का हो आता?"

काकांना बाग आवडते, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. त्यांना बाग दिसायला हवी असते, तीही रस्त्यावरून जाणाऱ्याला. रातराणी अंधारातच फुलते, पतंगांना वासावर सापडते, तिला उजेडाची गरज नाही, हे काकूंना न शिकता माहीत आहे. त्या रोज संध्याकाळी तुळशीपाशी एक निरांजन लावतात. बागेतला तेवढा एकच कोपरा बघण्यासारखा दिसतो, आणि नेमका तिथेच काकांना पुढचा दिवा बसवायचा आहे.

काकू पाइपने पाणी घालू लागल्या की काका ओसरीवरून ओरडतात, "अगं, दिवे!" काकू शांतपणे म्हणतात, "अहो, पासष्ट आहेत ना? फवारा चालतो म्हणालात." दिव्यांना खरंच काही होत नाही. पाणी जातं घरातून येणाऱ्या मुख्य वायरच्या जोडावरल्या चिकटपट्टीत. विजेची ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी पडतो आणि मालिकेच्या ऐन मोक्याच्या प्रसंगाला अख्खं घर काळोखात. वायरमन पुन्हा येतो, डब्यांचं बिल देतो, वर "बोललो होतो" हे फुकट.

तुम्हालाही बागेत दिवे लावायची हुक्की आली असेल तर दिवे सत्तावीसशे ते तीन हजार केल्विनचे पिवळसर घ्या, एखाददुसऱ्या झाडावरच लावा, डब्यांचे पैसे वाचवू नका आणि दहा वाजता बंद करा. आणि असे काका तुमच्या शेजारी राहत असतील, तर जाड पडदे दिवाळीच्या आधी शिवून घ्या. नंतर शिंप्याला वेळ नसतो.