तागडीत लॅपटॉप

हलका लॅपटॉप घ्यायचा ठरला की घाई करू नये. कोलकात्यात राहत असाल तर निदान एक दुर्गापूजा मध्ये जाऊ द्यावी. पूजेत ऑफर असते, मग दिवाळीसाठी थांबावे, मग नवे मॉडेल येतेच आहे. दरम्यान फुलस्केप वहीत रकाने आखावेत: वजन, बॅटरी, रॅम, पडदा, किंमत. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात पुण्याचा मामेभाऊ फोनवर सांगेल ते लिहावे. तो सांगतोच.

मग मेट्रोने चांदनी चौकला उतरावे. तिथल्या दुकानात पोरगा विचारील, "बाजेट कोतो, दादा?" उत्तर देऊ नये. उलट वजन विचारावे. तो "खूब हाल्का" म्हणत दोन बोटांनी लॅपटॉप उचलून दाखवील. दुकानात, एसीत, दोन बोटांनी उचललेली वस्तू हलकीच असते. वजन पारखणे हे काम खांद्याचे आहे. पोराला सांगावे की 1955 च्या सुमारास ब्रिटनहून आलेला देशातला पहिला डिजिटल संगणक याच शहरात, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसवला होता. 10 फूट लांब, 7 फूट रुंद, 6 फूट उंच. संस्थेच्या संस्थापक महालनोबिसांना कुणी 'कॅरी बॅग देऊ का' विचारले नव्हते. पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. तेवढ्यात खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

खोक्यावरचे वजन नुसत्या लॅपटॉपचे असते. अडॅप्टर आणि त्याची वायर त्यात धरत नाहीत. बॅटरीचे तास वाचू नयेत, वॉट-अवर वाचावेत. तास हे पडदा मंद करून, वायफाय गप्प बसवून मोजलेले असू शकतात. बहुतेक सडपातळ मॉडेलात रॅम बोर्डालाच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून तिथे कंजुषी नको. आणि जाडी कमी करताना पोर्टही कापलेले असतात. प्रोजेक्टरला जोडायला वेगळे शेपूट विकत घ्यावे लागते, तेही बॅगेतच राहते.

आता गणित. समजा एक 1.60 किलोचा आणि दुसरा 1.24 किलोचा, किमतीत फरक 25,200 रुपये. म्हणजे नसलेल्या 360 ग्रॅमचा भाव ग्रॅमला 70 रुपये. इलिश मासा 2,000 रुपये किलोने घेतला तर ग्रॅमला 2 रुपये पडतो, आणि तो निदान पोटात तरी जातो. माझ्या मते इथेच वही मिटावी. पण मिटत नाही कुणी.

पुढची पायरी प्रात्यक्षिकाची. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जमणाऱ्या मंडळींत कुणा तरी काकांकडे तेच मॉडेल असते. काकांची मनधरणी करून एका दिवसासाठी आणावे आणि बॅगेत भरावे. सोबत रोजचे सगळे: डबा, छत्री, भरलेली एक लिटरची बाटली. बाटली एकटीच किलोभर होते, तिची हलकी आवृत्ती कुणी काढत नाही. ही बॅग घेऊन एस्प्लनेडहून मिनीबस धरावी. कंडक्टर ओरडेल, "पेछोनेर दिके एगिये जान!" मागच्या बाजूला पुढे सरका. प्रोसेसरच्या नव्या पिढीची जाहिरात चार वेळा वाचून जे उमगत नाही, ते या एका वाक्यात उमगते.

गडियाहाटला उतरून थेट मासळीबाजारात जावे. घरच्या काट्यावर विश्वास नको. मासेवाल्याच्या स्टीलच्या ताटलीत खवले चिकटलेले असतात, म्हणून लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, अडॅप्टरसकट. आकडे जरा थरथरतात आणि 1.545 वर थांबतात. वहीत 1.24 खोडून हा आकडा लिहावा. मागे रांगेत उभ्या मावशींनाही तो बघू द्यावा, त्या बघणारच. मासेवाला बोटी, म्हणजे तिकडची विळी, पुढे ओढून विचारील, "केटे देबो, दादा?" कापून देऊ का?

इथे मात्र ताबडतोब उत्तर द्यावे.