पाळण्यातली अग्निपरीक्षा
कॅलिफोर्निया सरकारने १९७५ साली असा दंडक घातला की, गुबगुबीत आसनांत, आणि ओघाने तान्ह्याला पाजताना घ्यावयाच्या उशांतही, भरलेल्या फोमने उघड्या ज्वालेपुढे १२ सेकंद तग धरलाच पाहिजे. पेटती सिगारेट हाती धरून निद्राधीन होण्याचे व्यसन अर्भकांत त्या काळी फारच बळावले असावे. (सिगारेटच आपोआप विझेल अशी करावी, ही सूचना तंबाखूच्या कारखानदारांच्या कोमल अंतःकरणास सोसवत नव्हती.) ट्रिस नामक ज्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायनाची १९७७ साली अमेरिकेने कर्करोगाच्या भयाने बालकांच्या रात्रवस्त्रांतून हकालपट्टी केली, त्याचा क्लोरीनवंशीय बंधू पुढे याच फोममध्ये बिनबोभाट रुजू झाला. २०१३ साली ज्वालेऐवजी धुमसत्या सिगारेटने परीक्षा घेण्याचे ठरले, आणि रसायनांवाचूनही तीत उत्तीर्ण होता येते, हे अडतीस वर्षांनी सरकारदप्तरी दाखल झाले.