तक्त्यातील चढाई

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजीत अल्ट्रा, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची धाव, प्रथम एक्सेलच्या तक्त्यात पूर्ण केली जाते. सिंहगडावरून राजगडमार्गे 1403 मीटर उंचीच्या तोरण्याकडे जाणाऱ्या वाटेची एकूण चढाई, म्हणजे सर्व चढांची बेरीज, मांडली जाते, मिठाच्या गोळ्यांच्या वेळा ठरतात आणि जीपीएक्स, म्हणजे वाटेच्या अक्षांश-रेखांशांची फाइल, घड्याळात उतरवली जाते. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीला मात्र तक्त्यात रकाना नसतो. पायथ्याच्या गावांतून दह्याची मडकी डोक्यावर घेऊन सिंहगड चढत आलेल्या विक्रेत्यांना साहसवीर म्हणून कोणी पदक देत नाही, कारण त्यांच्या चढाईचा, दुर्दैवाने, काही उपयोग असतो.