मेडिकल पास होण्याचे पाच अक्सीर उपाय

झाशीच्या प्रेम नगरात, नगरा आणि पुलिया नंबर ९ कडच्या रेल्वेवाल्या घरांत, ‘मेडिकल’ म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. गाडी चालवणाऱ्यांची ही तपासणी पंचेचाळिशीपर्यंत दर ४ वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे निवृत्तीपर्यंत दरवर्षी होते. शरीर कुरकुरायला लागलं, की नेमकी तेव्हाच रेल्वेची नजर तीक्ष्ण होते! या अन्यायावर पुढील उपाय योजावेत.

१. आहार : बोलावणं येईपर्यंत कचोरी-जिलेबीत खंड पडू देऊ नये. आल्यावर मात्र चार दिवस कारल्याचा रस प्यावा. उपाशीपोटीची साखर कदाचित लाजून खाली येईल. फक्त ‘एचबीएवनसी’ या घरभेद्यापासून सावध राहावं. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तो सांगून टाकतो, मेहुणीच्या लग्नातल्या गुलाबजामांसकट.

२. उपास : रक्तासाठी ८ ते १२ तास उपाशी राहायला सांगतात, पाणी चालतं. आपण निर्जळी करावी, म्हणजे शीर सापडत नाही आणि सुई टोचणाऱ्याच्या कौशल्याला वाव मिळतो. उलट साधं पाणी टाळून साखरेचा अर्धा कप चहा घेतला, तर “चहा कुठे खाण्यात मोडतो?” हे उत्तर तयार असावं.

३. रक्तदाब : तंबाखू मळावी, जिना धावत चढावा, लघवी दाबून ठेवावी, पायावर पाय टाकावा आणि पट्टा फुगत असताना डॉक्टरसाहेबांना बदलीची कैफियत ऐकवावी. आकडा चढला की दोष पांढऱ्या कोटाला द्यावा. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसलं तर खरा आकडा येतो; पण खरा आकडा मागितलाय कोणी?

४. डोळे : इशिहारांच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे मुलाबाळांसह पाठ करावेत. पहिल्या पानावरचे १२ सर्वांनाच दिसतात, त्यामुळे आत्मविश्वास वाढतो. पुढे डोळस माणसाला जिथे ८ दिसतो, तिथे लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्याला ३ दिसतो. डॉक्टर पानं उलटसुलट दाखवतात, हा त्यांचा खोडसाळपणा. १८७५ मध्ये स्वीडनच्या लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाने रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी रंगीत लोकरीच्या लडी दाखवून तपासायचा आग्रह धरला. तेव्हापासून आपल्यामागे हे लचांड लागलं. सिग्नल तेवढे पाठ करता येत नाहीत, ही या पद्धतीची किरकोळ उणीव.

५. माहिती : “काही त्रास?” असं विचारलं की छाती फुगवून “छे!” म्हणावं. चालू गोळ्या घरी ठेवाव्यात. रात्री घोरण्याने शेजारी जागतात, दिवसा आपल्याला डुलक्या येतात, हे बायकोला माहीत आहे तेवढं पुरे. “अहो, सांगा ना त्यांना,” असं ती म्हणेलच. म्हणून तिला सोबत नेऊ नये.

पाचही उपाय साधले, तर डॉक्टर नक्की फसतील. आपल्यामागच्या डब्यांत झोपलेल्या शेकडो माणसांना मात्र त्याचा पत्ता नसेल. आणि नोकरी जाईल या भीतीने लपवत असाल, तर सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, की त्याची पायरी उतरवता येत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. तेव्हा चष्मा, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी घ्या, पाणी पिऊन जा आणि विचारतील ते खरं सांगा.