तान्हाशहाचा वेढा

औरंगजेबाला गोवळकोंडा घ्यायला आठ महिने लागले. आम्हाला तो नुसता बघायला अकरा लागले.

आता कुणी म्हणेल, बादशहाकडे तोफा होत्या, हत्ती होते, सारं दख्खन तुडवत आलेली फौज होती. खरं आहे. पण त्या फौजेत सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा नव्हता. कूच करायच्या क्षणी 'मला शी आली' असं एकाही हत्तीनं सांगितल्याची नोंद नाही.

आम्ही हैदराबादचेच. आजोबा निजामाच्या अमदानीत नांदेडहून आले, वडील काचीगुड्यात वाढले, आणि मी शहराच्या पश्चिमेला, जिथे काल खडक होते आणि आज टॉवर आहेत, तिथे अठराव्या मजल्यावर बसून हप्ते फेडतो. 'हवा स्वच्छ असली की बाल्कनीतून गोवळकोंडा दिसतो,' असं फ्लॅट विकताना सांगितलं होतं. चार वर्षं झाली, हवा स्वच्छ व्हायची आहे. शिवाय उशाशी किल्ला असला की एक गैरसोय होते. तो कुठे पळून जात नाही, म्हणून आपणही तिकडे जात नाही.

थोरलीनं मात्र शाळेत ठोकून दिलं होतं, "आम्ही परसों गोवळकोंड्याला गेलो होतो." आम्ही गेलो होतो खरे, पण तेव्हा ती आईच्या पोटात होती. तरी तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. हैदराबादी बोलीत परसों म्हणजे नुसता परवाचा दिवस नव्हे, होऊन गेलेला कुठलाही दिवस. त्या हिशेबानं कुत्बशाहीसुद्धा परसोंच बुडाली.

अकरा महिन्यांत मोहीम का निघाली नाही, याची कारणं इतिहासाला द्यायला हवीत. पहिल्या रविवारी धाकट्याला ताप. दुसऱ्या रविवारी थोरलीला, धाकट्याकडून. मग पाऊस. मग वाढदिवस. वर्गात तीस मुलं असली की वर्षातले तीस रविवार रिटर्न गिफ्टांच्या नावानं खर्ची पडतात, हा हिशेब शाळाप्रवेशाच्या वेळी कुणी समजावून सांगत नाही. आणि एक रविवार गेला तो शाळेच्या प्रोजेक्टात. विषय : आपल्या शहरातील ऐतिहासिक वास्तू. सकाळी नऊ ते रात्री दहा मी थर्माकोलचा गोवळकोंडा कापत होतो. किल्ल्याला 87 बुरूज आहेत. माझे 31 झाले आणि फेव्हिकॉल संपला. थोरलीनं फक्त वर झेंडा लावला. प्रोजेक्टला 'एक्सलंट' मिळालं आणि खाली बाईंचा शेरा : पाल्याला ही वास्तू प्रत्यक्ष दाखवावी.

तेव्हा निघालो.

निघायची वेळ सकाळी आठची ठरली होती. साडेदहाला धाकट्याच्या एका पायात बूट होता. दुसरा बूट त्याच्या हातात होता आणि तो "नक्को" म्हणत होता. दखनीनं मराठीकडून 'नको' घेतला आणि मध्ये एक जादा क घालून तो मजबूत केला, असं जाणकार सांगतात. आमच्या धाकट्यानं तो व्याजासकट घरी परत आणलाय. बूट नक्को, टोपी नक्को, दूध नक्को, आणि दूध नेलं की 'दूध का नेलं' म्हणून भोकाड.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा राजा अबुल हसन कुत्बशहा. त्याचा भाबडा स्वभाव बघून त्याच्या गुरूंनी, शाह राजूंनी, त्याला लाडानं 'तानाशहा' म्हणायला सुरुवात केली. त्या नावाचा अर्थ 'बालसंत' असा सांगतात. पुढे हिंदीत तानाशाह म्हणजे हुकूमशहा होऊन बसला. बालसंताचा हुकूमशहा कसा झाला, या प्रश्नावर विद्वान डोकं खाजवतात. ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे ते खाजवत नाहीत. मराठीत तर काम आणखी सोपं आहे, मध्ये एक ह सरकवला की झालं : तान्हाशहा.

तर आमच्या तान्हाशहांची स्वारी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात गमबूट घालून अकराला बाहेर पडली. सोबत रसद : पाण्याच्या चार बाटल्या, दहीभाताचा डबा, थालीपिठं, कपड्यांचे तीन जोड, ओले रुमाल, सुके रुमाल, तापाचं औषध, उलटीची पिशवी आणि एक प्लास्टिकचा डायनासोर, ज्याच्याशिवाय पान हलत नाही. गोवळकोंड्याच्या वेढ्यात पावसानं मुघलांची रसद तुटली आणि छावणीत धान्याची टंचाई झाली. आमच्याकडे टंचाई नव्हती. आमच्याकडे हे सगळं उचलणारा एकच बैल होता.

आई अजून काचीगुडा सोडायला तयार नाही. म्हणून किल्ला एका अंगाला टाकून आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तिला घेतलं आणि मेहदीपट्टणम, लंगर हौज करत फतेह दरवाजाशी आलो. शत्रूच्या हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून या दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी सुळे ठोकलेत. हत्तींचा बंदोबस्त झाला, रिक्षांचा राहिला. गावची रहदारी आजही याच दरवाजातून जाते. कमानीखाली आमची गाडी, समोर एक टेम्पो, मध्ये पाच रिक्षा. "हल्लू निकालो भाई, हल्लू!" असं जो तो दुसऱ्याला सांगत होता आणि स्वतः हॉर्न दाबून बसला होता. आत तान्हाशहा झोपले होते, म्हणून आम्ही चौघं श्वास रोखून. गाडी पार्किंगमध्ये थांबली आणि ते जागे झाले. मूल गाडीत झोपतं ते ठिकाण येईपर्यंतच.

गोवळकोंड्याची खरी करामत प्रवेशाशी आहे. घुमटाखाली विशिष्ट जागी उभं राहून टाळी वाजवली की ती सुमारे एक किलोमीटरवर, वर गडमाथ्यावरच्या बालाहिसारला ऐकू जाते. शत्रू आला, पाहुणा आला, तर वर वर्दी देण्याची ही सोय. मी मुलांना हे रंगवून सांगितलं. आणि मग लक्षात आलं, की 'हात सोडू नकोस' हे वाक्य मी एका फुटावरून सहा वेळा म्हणालोय आणि ते अजून पोचलेलं नाही. कुत्बशाही गवंड्यांना आमच्या घरी आणायला हवं होतं.

आईचे गुडघे पायऱ्यांना राजी नव्हते. ती म्हणाली, "मी इथंच थांबते. तुम्ही वर पोचलात की मी तीन टाळ्या देते. ऐका." बायको म्हणाली, "आई, फोनच करा ना." त्यावर आई : "फोन तर मी काचीगुड्यातूनही केला असता."

चढण सुरू झाली. मला चेव आला. कितीही झालं तरी मराठी बाप आणि पुढ्यात किल्ला. मी थोरलीला सांगू लागलो, "1677 मध्ये शिवाजी महाराज भागानगरला आले होते. भागानगर म्हणजे आपलं हैदराबाद. याच तानाशहानं त्यांचा केवढा मान केला! तिथून महाराज पुढे दक्षिणदिग्विजयाला गेले."

"त्यांनी मुलांना आणलं होतं?"

"नाही."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

भक्त रामदासांना जिथे डांबलं होतं ती कोठी आली. सरकारी वसुलीच्या पैशातून भद्राचलमचं मंदिर बांधलं म्हणून त्यांना इथे 12 वर्षं कोंडलं, असं सांगतात. थोरलीनं आत डोकावून विचारलं, "इतका मोठा टाइम-आउट?" पुढे मी पेटला बुरुजाचं नाव काढलं आणि तो पोट सुटल्यासारखा पुढे आलाय म्हणून त्याचं हे नाव, अशी माहिती दिली. तिनं बुरूज शोधायचे कष्ट घेतले नाहीत. माझ्या शर्टाकडे बघितलं.

साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. तान्हाशहांनी एकोणिसाव्या पायरीवर ठाण मांडलं. मी मुत्सद्दीपणानं घेतलं, मग आवाज चढवला, मग बापजाद्यांपासून चालत आलेलं शेवटचं अस्त्र काढलं : "बरं, तू बस इथं. आम्ही चाललो." 1687 च्या वेढ्यात मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले होते, ते उलटे फुटले आणि त्यांचीच माणसं मेली. आमच्या सुरुंगाचंही तेच झालं. धाकट्यानं डायनासोरचा हात हलवून सांगितलं, "हौ. बाय." आम्ही खरोखर दहा पायऱ्या चढलो. त्यानं मान वळवली नाही. कोपऱ्यावरून आम्ही दोघं डोकावून बघतोय की तो रडतो का. रडत नव्हता. एका अनोळखी कुटुंबानं त्याला चिप्स देऊ केल्या होत्या आणि तो त्यांच्यात सामील होण्याच्या बेतात होता. धावत खाली आलो.

तोफा हरल्या, सुरुंग हरले, तेव्हा बादशहानं काय केलं? फितुरी. सप्टेंबर 1687 मध्ये एका रात्री अब्दुल्लाखान पन्नी नावाच्या सरदारानं लाच खाऊन खिडकी दरवाजा आतून उघडला आणि किल्ला पडला. आठ महिन्यांत जे झालं नाही ते एका थैलीनं झालं. आमच्याकडे ही थैली बायकोच्या पर्समधून निघाली. 'मुलांना लाच द्यायची नाही, त्यानं त्यांची अंतःप्रेरणा मरते,' असा फतवा तिनंच मोबाइलवर काहीतरी बघून गेल्या महिन्यात काढला होता. त्याच हातात आता उस्मानिया बिस्किटांचा पुडा होता. मी काही बोललो नाही. किल्ला घेताना दरवाजा कुणी उघडला हे विचारायचं नसतं.

पहिल्या बिस्किटाला पन्नास पायऱ्या मिळाल्या. दुसऱ्याला तीस. पाचव्याला आठ. पुडा संपला तेव्हा वर अजून निम्मा किल्ला शिल्लक होता. मग तान्हाशहा माझ्या खांद्यावर, रसद माझ्या पाठीवर, गमबूट माझ्या छातीवर, असा बालाहिसारचा माथा सर झाला. वारा सुटला होता. खाली कुत्बशाही मकबऱ्यांचे घुमट, पलीकडे आमचे टॉवर. आमची बाल्कनी कुठली ते शोधायचा प्रयत्न केला. हवा तेवढी स्वच्छ नव्हती.

"श्श! आजीची टाळी ऐका," बायको म्हणाली.

ऐकली. एक नाही, शंभर ऐकल्या. रविवार होता. खाली घुमटाखाली गाइड टाळ्या वाजवत होते, पर्यटक वाजवत होते, सहलीला आलेली शाळा एका तालात वाजवत होती. जिथे एका टाळीवर सारा गड सावध व्हायचा, तिथे आता मिनिटामिनिटाला शत्रू येतो. आजचा पहारेकरी असता तर त्यानं पहिल्याच रविवारी बदली मागितली असती. धाकटा मात्र प्रत्येक टाळीला ओरडत होता, "आजी! आजी!" त्याचा एकदाही गोंधळ झाला नाही.

उतरलो तर ठरल्या जागी आजी नव्हती. फोन लागेना. बायकोनं एक बाजू धरली, मी दुसरी, थोरलीला रडू फुटलं. मुघल सरदार महालात घुसले तेव्हा तानाशहानं शांतपणे न्याहारी मागवली आणि तो जेवायला बसला, असं इतिहासकार खाफीखान लिहितो. शेवटच्या राजाचं हे धैर्य मला नेहमी अविश्वसनीय वाटायचं. आता माझ्या कानाशी कुरूम कुरूम आवाज आला. तान्हाशहांनी मुठीत लपवलेलं सहावं बिस्किट काढलं होतं.

आई फाटकाबाहेर सापडली. ती बांगडीवाल्याशी दखनीत घासाघीस करत होती आणि तीच जिंकत होती. आम्हाला बघून तिनं लालबुंद तळवे पुढे केले.

"ऐकू आल्या का माझ्या टाळ्या?"

"हौ आई," आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं. "एकदम साफ."

रात्री दीड वाजता सगळं घर झोपलं होतं. पलीकडच्या खोलीत एक टाळी वाजली. बारीक, ओलसर, तीन वर्षांच्या हाताची. मग दुसरी. मग तिसरी. घुमट नाही, कमान नाही, मध्ये दोन बंद दारं आणि एक चालू एसी. तरी ती थेट माझ्या कानात येऊन पोचली. पाणी हवं असणार. मी डोळे मिटून, श्वास संथ ठेवून पडून राहिलो.

"ऐकलंस ना?" अंधारातून बायको म्हणाली.

मी घोरायला सुरुवात केली.

"तू ऐकलंयस, ते मी ऐकलंय. ऊठ."